सूक्ष्मछेदकाचे पाते आणि दाढीचा वस्तरा

रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहातून एखाद्या गाठीचा तुकडा विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत येतो, तेव्हा तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. प्रथम तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून स्थिर केला जातो, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढून घेतले जाते, पुढे झायलीनमधून तो वितळलेल्या पॅराफीन मेणात जातो आणि मेण थिजले म्हणजे ऊतक व मेण मिळून एक घट्ट ठोकळा तयार होतो. या ठोकळ्याचे चार ते पाच मायक्रोमीटर जाडीचे छेद घ्यावयाचे असतात. रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सुमारे सात मायक्रोमीटर असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे हा छेद एका रक्तपेशीहूनही पातळ असतो असे दिसून येईल. माणसाच्या दाढीच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा छेद सहज मावतील.

रोगनिदानात शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाला जे दिसावयाचे ते आधी एका पोलादी पात्याच्या धारेवरून उतरलेले असते. त्या धारेला दोन-तीन मायक्रोमीटरची जरी खाच पडलेली असली, तरी निघणाऱ्या प्रत्येक छेदावर त्याच जागी एक उभी रेघ उमटते आणि त्या रेघेत ज्या पेशी सापडतात त्या फाटून जातात. लसिकाग्रंथीत पसरलेल्या कर्करोगाचा पुंजका कधी कधी मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो. नेमका तोच पुंजका रेघेत सापडला तर तज्ज्ञाने काय पाहावे? म्हणून पूर्वीच्या प्रयोगशाळांत पाते पाजवणे हे दुय्यम नोकरवर्गावर सोडून देण्याचे काम मानले जात नसे. कित्येक ठिकाणी ज्याचे पाते त्यानेच ते पाजवावे आणि दुसऱ्याने त्यास हात लावू नये असा शिरस्ता होता.

वस्तऱ्याशी नाते

सूक्ष्मछेदक यंत्र, म्हणजे ज्याला सर्वत्र मायक्रोटोम म्हणतात ते, अस्तित्वात येण्यापूर्वी ऊतकांचे छेद हाताने आणि दाढीच्या वस्तऱ्यानेच घेतले जात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात ही रीत अद्याप जिवंत आहे. पपईच्या देठात किंवा गाजराच्या तुकड्यात कोवळे खोड धरायचे, वस्तरा पाण्याने ओला करायचा आणि तो आपल्याकडे ओढीत एकामागून एक काप घ्यावयाचे, हा प्रयोग भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी केलेला आहे. या कामाच्या वस्तऱ्याची एक बाजू सपाट व दुसरी पोकळ घासलेली असते. विद्यार्थ्याचा अंगठा मात्र या प्रयोगात बराचसा दैवाच्या हवाली असतो.

हाताला जे साधत नाही ते यंत्राकडून करून घ्यावे या विचाराने स्वित्झर्लंडमधील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६६ साली आपला मायक्रोटोम तयार केला व १८७० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८५ साली केंब्रिज येथे चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस डार्विन यांनी झुलता मायक्रोटोम निर्माण केला. त्यात ठोकळा एका दांड्यावर बसवलेला असून तो खालीवर झुलतो आणि स्थिर धारेवरून प्रत्येक खेपेस एक छेद उतरतो. ती स्थिर धार होती साध्या वस्तऱ्याचीच. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स सेजविक मायनट यांनी फिरत्या चाकाचा मायक्रोटोम योजला आणि पुढे याच जातीची यंत्रे जगभर रूढ झाली. यंत्र जसजसे जड व बळकट होत गेले तसतसे त्यातील पातेही रुंद, जाड व न वाकणारे करावे लागले. वस्तऱ्यापासून निघालेली ही शाखा अशा रीतीने वस्तऱ्याहून फार निराळी दिसू लागली.

पोलादाच्या बाबतीत या दोन्ही शाखांचा भारताशी जुना संबंध आहे. १७९४ साली मुंबईतील वैद्यक अधिकारी डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे 'वुट्झ' नावाच्या पोलादाचे नमुने पाठविले. जॉर्ज पीअर्सन यांनी त्यावर १७९५ साली निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईस तयार होते असे म्हटले आहे. वस्तुतः ते दक्षिणेच्या पठारावरील मुशींत तयार होत असे. मुंबई हे केवळ ते रवाना झाले ते बंदर. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांना बारीक धारेच्या हत्यारांसाठी हे पोलाद अतिशय पसंत पडले. त्यांच्याबरोबर काम करून मायकेल फॅरडे यांनी १८१९ साली वुट्झचे रासायनिक पृथक्करण केले आणि नंतर दोघांनी मिळून पोलादाच्या मिश्रधातूंवरील प्रयोग १८२० व १८२२ साली प्रसिद्ध केले. विद्युतशास्त्रासाठी ज्यांचे नाव घेतले जाते त्या फॅरडे यांची ही आरंभीची वर्षे चांगली धार कोणत्या पोलादाला येईल या प्रश्नात गेली, ही गोष्ट बहुधा विस्मरणात जाते.

विसाव्या शतकात भारतातील वनस्पतिशास्त्रात या पात्याने मोठे काम केले. १९४९ पासून दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाची जी परंपरा उभी राहिली, तिचा पाया बीजांडांच्या क्रमवार छेदांवर होता. एका बीजांडाचे सगळे छेद ओळीने, एकही न गमावता, काचेवर घ्यावे लागतात. मधलाच एखादा छेद फाटला तर त्या वेळी भ्रूणकोशात काय चालले होते ते कायमचे अज्ञात राहते.

कोनाचा हिशेब

पाते धारदार आहे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर कोनापासून आरंभ करावा लागतो.

पॅराफीनच्या कामाचे नेहमीचे पोलादी पाते आडव्या छेदात पाचरीसारखे असते. पाठीपासून धारेपर्यंत त्याची रुंदी ३६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेनऊ मिलिमीटर धरली, तर त्या पाचरीचा कोन सुमारे १५ अंश भरतो. परंतु खरी कापणारी धार या पाचरीच्या दोन्ही बाजू थेट मिळून होत नाही. टोकाशी, मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचे दोन अरुंद पैलू अधिक उभ्या कोनात घासलेले असतात व त्यांच्या मीलनरेषेस धार म्हणावयाचे. या दोन पैलूंमधील कोन साधारणतः २७ ते ३२ अंश ठेवतात.

हा कोन दरवेळी नेमका तोच यावा म्हणून पात्याच्या पाठीवर अर्धवर्तुळाकार पोलादी खोळ सरकवून बसवितात. पाते सहाणेवर आडवे ठेवले, की ते एका बाजूस खोळीवर व दुसऱ्या बाजूस धारेच्या पैलूवर टेकते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला २८ अंशांचा पैलू हवा असेल, तर खोळीसह पाठीची जाडी सुमारे १७.४ मिलिमीटर असावी लागते. म्हणजे खोळीने प्रत्येक बाजूस जवळजवळ चार मिलिमीटरांची भर घालावी लागते. प्रत्येक पात्याची खोळ स्वतंत्र असते व त्यांची अदलाबदल करू नये असे जे सांगतात त्याचे कारण हेच. वर्षानुवर्षे पाजवून पात्याची रुंदी ३३ मिलिमीटरांवर आली, तर तीच खोळ २८ अंशांऐवजी साडेतीस अंशांचा पैलू देऊ लागते आणि 'पाते पूर्वीसारखे चालत नाही' अशी तक्रार सुरू होते.

आता दाढीचा वस्तरा पाहू. त्याची रुंदी साधारण अठरा-एकोणीस मिलिमीटर व पाठ पाच मिलिमीटर जाड असते. यातून सुमारे साडेपंधरा अंशांचा कोन निघतो. वस्तऱ्याला निराळी खोळ लागत नाही. त्याची स्वतःची पाठ हीच त्याची खोळ. दोन्ही बाजू पोकळ घासलेल्या असल्यामुळे सहाणेला फक्त पाठ आणि धार या दोनच ठिकाणी स्पर्श होतो. धार झिजते तशी पाठही थोडी झिजते आणि कोन जवळजवळ कायम राहतो. इतकी साधी आणि स्वतःच स्वतःला सांभाळणारी रचना हत्यारांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

म्हणजे मायक्रोटोमच्या पात्याची मूळ पाचर आणि वस्तऱ्याची धार यांचा कोन जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो टोकाशी दिलेल्या उभ्या पैलूचा. हा फरक का ठेवावा लागतो?

मेणातील ऊतक आणि गालावरील केस

मेणाच्या ठोकळ्यातील ऊतक सर्व बाजूंनी आधारलेले असते. ते वाकत नाही, पळत नाही. पाते यंत्रात घट्ट आवळलेले असते आणि पैलू व ठोकळा यांमधील सुटीचा कोन काही अंशांपुरता, हव्या त्या मापाने ठेवता येतो. तेव्हा येथे धार अतिशय पातळ करण्यापेक्षा ती थरथरणार नाही, मेणात दडलेल्या कठीण कणाने मोडणार नाही आणि शेकडो छेद सारख्याच जाडीचे देईल, हे महत्त्वाचे ठरते. पाते जरा सैल राहिले किंवा धार फार बारीक झाली, तर छेदावर आडव्या पट्ट्या पडतात; एक जाड, एक पातळ. ऊतकात चुन्याचा एखादा कण राहून गेला असेल, तर एकाच छेदात पात्याची एक जागा निकामी होऊ शकते. हाडासारख्या ऊतकातील चुना आधी आम्लाने काढून टाकतात तो यासाठीच.

केसाची गोष्ट उलटी आहे. तो एका टोकाने त्वचेत रुतलेला व दुसऱ्या टोकाने मोकळा असतो. धार लागताच तो वाकतो आणि पूर्ण वाकण्याच्या आत कापला गेला पाहिजे. नाहीतर तो ओढला जातो, ज्याचा अनुभव बोथट पात्याने दाढी करणाऱ्या प्रत्येकास आलेला असतो. यास्तव वस्तऱ्याची धार लहान कोनाची असावी लागते आणि त्याबरोबर तिचा नाजूकपणाही पत्करावा लागतो.

केसासारखा मऊ पदार्थ पोलादाला बोथट कसा करतो, हे कोडे फार काळ नीट सुटलेले नव्हते. पात्याचे पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. तेव्हा धार हळूहळू झिजून गोल होत असेल, असे मानले जाई. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक केस कापून पाहिला, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. केस पात्याशी काटकोनात असता धारेस फारसे काही होत नव्हते. परंतु तो वाकून तिरपा लागला, धारेवर आधीपासून अतिसूक्ष्म खडबडीतपणा असला आणि त्या ठिकाणी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, म्हणजे धारेचा कपचा उडत होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मऊ केसही पोलाद फोडतो. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. धारेवर जितके ओरखडे कमी, तितके तिचे आयुष्य अधिक. शेवटच्या सफाईत घालवलेला वेळ हा केवळ हौसेचा नसतो.

पाजवण्याची क्रिया

प्रयोगशाळेतील रीत पुढीलप्रमाणे असते. प्रथम पात्यावरील मेण झायलीनने स्वच्छ पुसून काढतात. नंतर धार सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली, शंभरपट वर्धन पुरते, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहतात. चांगली धार एका सरळ बारीक रेषेसारखी दिसते. खाचा असल्यास सर्वांत खोल खाच कोणती ते पाहावे, कारण ती नाहीशी होईपर्यंत संपूर्ण धार मागे न्यावी लागते. एका खोल खाचेसाठी सबंध पाते झिजवावे की त्या जागेस वगळून पात्याचा उरलेला भाग वापरावा, हा निर्णय येथेच करावयाचा असतो. अनुभवी मनुष्य बहुधा दुसरा मार्ग धरतो.

घासण्यासाठी बारीक कणांची नैसर्गिक सहाण चालते. बेल्जममधील आर्देन प्रदेशाचा पिवळा दगड या कामी प्रसिद्ध आहे. पुष्कळ प्रयोगशाळांत जाड सपाट काचेवर ॲल्युमिनाची पूड पाण्यात किंवा तेलात कालवून वापरीत. दगड असो वा काच, ती पूर्ण सपाट असली पाहिजे. मध्ये खोलगट झालेल्या सहाणेवर सरळ धार कधीच येत नाही, मग हात कितीही कसबी असो.

पात्याला मूठ व खोळ बसवून ते सहाणेवर तिरपे ठेवतात आणि धार पुढे करून, जणू सहाणेचाच पातळ काप घ्यावयाचा आहे अशा रीतीने, ढकलतात. ढकलताना पाते मुठीकडच्या भागापासून टोकाकडे असे सरकत जाते की एका फेरीत सगळी धार दगडावरून जावी. फेरी संपली की पाते न उचलता पाठीवर उलटावे आणि दुसऱ्या बाजूने, पुन्हा धार पुढे ठेवून, परत आणावे. पाते धारेवर उलटले तर तोवर केलेले सगळे काम त्या एका क्षणात वाया जाते. भार फक्त पात्याच्या स्वतःच्या वजनाचा. बोटांनी पाते केवळ सांभाळावयाचे असते. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे दाब देणे. दाबाने कण खोल रुततात, धातूचा पातळ पापुद्रा धारेवर लोंबू लागतो आणि तो पापुद्राच तीक्ष्ण धार आहे असा भास होतो. पहिल्याच छेदात तो तुटून पडतो व मागे खडबडीत काठ राहतो.

भरड कणांवरून बारीक कणांवर जाताना पाते, खोळ, हात आणि टेबल हे सर्व धुऊन घ्यावे. भरड पुडीचा एकच कण बारीक सहाणेवर आला तर तासाभराची सफाई बिघडते. दोन्ही बाजूंच्या फेऱ्या सारख्या ठेवाव्यात, नाहीतर धार एका बाजूस कलते.

शेवटी चामडे. येथे दिशा उलटते. पाठ पुढे व धार मागे. मायक्रोटोमचे पाते लाकडी ठोकळ्यावर घट्ट ताणून बसविलेल्या चामड्यावर फिरवितात. केशकर्तनालयात भिंतीला टांगलेला जो पट्टा असतो तो या पात्याला मानवत नाही, कारण जड पात्याखाली पट्टा झोळ खातो आणि चामडे धारेभोवती वर वळून तिला गोल करते. वस्तरा हलका असल्याने कसबी कारागीर टांगता पट्टा ताणून धरून ही अडचण टाळतो. हे सहजपणे करणाऱ्या हाताकडे पाहूनच अनेकांनी आपापले वस्तरे बिघडविले आहेत.

वस्तरा करावयाचा तर कोणते पाते?

गेल्या काही दशकांत बहुतेक रुग्णालयांनी एकदा वापरून टाकून द्यावयाची पाती स्वीकारली आणि जुनी जड पाती लाकडी पेट्यांत बंद होऊन कपाटात गेली. उत्तम पोलादाची ही हत्यारे पाहून त्यांचा वस्तरा करावा अशी इच्छा हौशी कारागिरांस होणे स्वाभाविक आहे आणि काही देशांत तसे प्रयोग झालेही आहेत. परंतु धारेच्या आधी पात्याच्या पूर्वायुष्याचा विचार करावयास हवा.

दाढी करताना त्वचेवर डोळ्यांस न दिसणाऱ्या जखमा होतातच. ज्या पात्याने रुग्णांचे ऊतक कापले गेले आहे, विशेषतः गोठवून कापलेले ताजे ऊतक, त्यावर क्षयाचे जंतू, कावीळ-ब किंवा एचआयव्हीचे विषाणू असू शकतात. हे उष्णतेने व रसायनांनी नष्ट करता येतात, असे म्हणून कोणी पुढे जाईल. पण मेंदूच्या क्रॉयट्झफेल्ट-याकोब रोगास कारण होणारी प्रायॉन नावाची प्रथिने फॉर्मॅलिनला दाद देत नाहीत आणि धातूच्या पृष्ठभागास घट्ट चिकटून राहतात. स्वित्झर्लंडमध्ये अशा एका रुग्णाच्या मेंदूत बसविलेले इलेक्ट्रोड अल्कोहोलने व फॉर्माल्डिहाइडच्या वाफेने निर्जंतुक करून दोन तरुण रुग्णांसाठी पुन्हा वापरण्यात आले. दोघांनाही तोच रोग झाला. हा वृत्तांत १९७७ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा रुग्णालयातील वापरलेले पाते, मग ते कितीही सुंदर असो, या कामासाठी वर्ज्य समजावे. शिवाय भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार टाकाऊ धारदार वस्तू न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या बंद डब्यातच जाव्या लागतात. त्या तेथून उचलून घरी नेणे हा अपराध आहे. ज्या पात्याने केवळ वनस्पतींचे छेद घेतले असे खात्रीने ठाऊक आहे, अथवा जे पेटीतून कधी बाहेरच आले नाही, तेवढेच विचारात घेता येते.

एकदा वापरून टाकावयाची पाती न वापरलेली मिळाली तरी त्यांचा उपयोग नाही. ती ८० मिलिमीटर लांब, ८ किंवा १४ मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड असतात. त्यांच्या धारेचा कोन बहुधा ३५ अंशांच्या जवळपास असतो. दाढीच्या दुधारी पात्याची जाडी मात्र फक्त ०.१ मिलिमीटर असते व ते दांडीत वाकवून बसवावयाचे असते. शिवाय धारेवर घसरटपणासाठी दिलेला लेप पाजवताच निघून जातो. जपानमध्ये सेकी या तलवारींसाठी ख्यात असलेल्या गावात मूळ असलेली फेदर ही कंपनी दाढीची व मायक्रोटोमची दोन्ही पाती करते आणि तीही ती निरनिराळीच करते.

जड पात्याचे रूपांतर

जुन्या पाचराकृती पात्याची गोष्ट निराळी. एक बाजू सपाट व दुसरी पोकळ असलेली पाती सोडून द्यावीत. सममित पाचरीच्या पात्याला २८ अंशांऐवजी १८ अंशांचा पैलू द्यावयाचा असेल, तर ३६ मिलिमीटर रुंदीला पाठीची एकूण जाडी ११.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. म्हणजे मूळच्या जाड खोळीऐवजी प्रत्येक बाजूस ०.९ मिलिमीटरची पातळ खोळ पुरते. अगदी खोळ काढून १५ अंशांवर घासण्याचा मोह धरू नये. तसे केल्यास पात्याची संपूर्ण रुंद बाजूच दगडावर टेकते आणि तिचा कण न् कण घासल्याखेरीज धारेपर्यंत पोचता येत नाही.

अठरा अंशांवरही काम थोडे नाही. मूळचा उभा पैलू अर्धा मिलिमीटर रुंद असेल, तर नवा पैलू सव्वादोन मिलिमीटर रुंद होईतो घासावा लागतो. हाताने हे कित्येक तासांचे काम होय. घाई करून फिरत्या शाणेवर धरल्यास बारीक काठ क्षणात तापतो. सुमारे २२० अंश सेल्सिअसला पोलादावर फिकट गवती रंग चढू लागतो. तो दिसला की त्या जागेचा कठीणपणा कमी झाला असे समजावे. तेवढा काठ काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

लांबी व वजन या अडचणी त्याहून मोठ्या आहेत. १२० मिलिमीटर लांबीच्या अशा पात्याचे वजन १६० ग्रॅमच्या घरात जाते. वस्तऱ्याची कापणारी धार मात्र जेमतेम सत्तर मिलिमीटर असते. गालाच्या सपाट भागावर लांब धार चालून जाईल, परंतु हनुवटीखाली आणि नाकाजवळ तिचे चौकोनी कोपरे धोक्याचे ठरतात. ते बारीक दगडावर थोडे गोल करून घेणे आवश्यक आहे. वस्तऱ्याची मूठ मागे दुमडते व अंगठा पात्याच्या मुळाशी येतो, म्हणून हात धारेजवळ राहतो. मायक्रोटोमच्या पात्याची मूठ त्याच्याच रेषेत लांब बाहेर येते. जपानी वस्तऱ्यालाही सरळ रेषेतील मूठ असते, पण त्याचे पाते आखूड असते हे विसरून चालणार नाही. लांबी कमी करावयाची तर पाण्याच्या धारेखाली, थंड ठेवीत, कापून घ्यावे. कठीण केलेल्या पोलादावर साधी करवत चालत नाही.

नवी धार आल्यावर ती प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, मग सुटा केस एका टोकाला धरून त्यावर हलकेच लावावी. केस धारेला लागताच, ओढ न देता, तुटला पाहिजे. धारेच्या मुळाशी, मध्यावर आणि टोकाशी अशी तीन ठिकाणी ही परीक्षा घ्यावी. बहुधा टोकाशी ती नापास होते, कारण सहाणेवर शेवटचा भाग घाईने उलटला जातो. अशा वेळी सबंध पाते पुन्हा भरड दगडावर नेऊ नये. बारीक सहाणेवर दहा-वीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत टोक पूर्ण दगडावरून जाईल असे पाहून, पुरेशा होतात.

पहिल्या दाढीपूर्वी चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजू द्यावा; ओला केस बराच मऊ होतो. पाते त्वचेशी सुमारे तीस अंशांवर धरावे, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून ठेवावी आणि आरंभ कानाखालच्या सपाट भागापासून करावा. काम होताच पाते धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पेटीत ठेवावे. जुने कार्बन-पोलाद पाण्याच्या एका थेंबानेही गंजते, आणि धारेवरील गंजाचा ठिपका म्हणजे नवी खाच होय.